सर म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो’

दरवर्षी गणपती गेले की माझ्या दांडिया बाजारातल्या ऑफिसात एक ठरावीक फोन यायला लागतो. “मॅडम, एक छोटंसं काम होतं.” छोटंसं काम म्हणजे एलओआर, परदेशी विद्यापीठासाठी शिफारसपत्र, आणि शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारची.

मी बडोद्यात वकिली करते आणि आठवड्यातून दोनदा मुलांना कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे कराराचा कायदा, शिकवते. वीस वर्षांपूर्वी मी स्वतः ही शिफारसपत्रं मागत हिंडले होते, आता वर्षाला आठ-दहा लिहिते. मागताना माझं काय चुकलं ते लिहायला बसल्यावर कळलं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. पुढचा फोन आला की हेच पाठवून देईन.

आधी पत्र लागतं का ते तरी बघा. मागच्या वर्षी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात नगरसेवकाच्या लेटरहेडवरचं एक पत्र, फॅमिली डॉक्टरांचं एक आणि सोसायटीच्या चेअरमनचं एक. मुलीला क्लॅट, म्हणजे बारावीनंतरची लॉची प्रवेश परीक्षा, द्यायची होती. “अहो, क्लॅटला पत्र कोणी मागत नाही,” मी म्हटलं. “१२० प्रश्न, दोन तास, गोळे काळे करायचे आणि घरी यायचं.” ते जरा खट्टू झाले, कारण नगरसेवकाकडे त्यांनी तीन चकरा मारल्या होत्या. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी असते, पण पत्राचं काम तिथंही नाही.

बारावीनंतर थेट इंग्लंडला एलएलबीसाठी जायचं असेल तर अर्ज यूकास या तिथल्या सामायिक प्रवेश यंत्रणेतून जातो आणि तिथं एक रेफरन्स लागतो. तो शाळा लिहिते. २०२४ च्या प्रवेशांपासून त्याचे तीन भाग केलेत: शाळेबद्दल, मुलाच्या अभ्यासावर परिणाम झाला असेल अशा परिस्थितीबद्दल, आणि मुलाबद्दल आणखी काही सांगण्यासारखं असेल तर ते. मधल्या भागाकडे आपल्याकडे कोणी बघतच नाही. अकरावीत वडील आजारी होते, सहा महिने दवाखान्याच्या चकरा चालल्या होत्या, हे तुम्ही सांगितल्याशिवाय शाळेला कसं कळणार? सांगा.

खरी धावपळ होते ती पदवीनंतरच्या अर्जांची. बीसीएल आणि एलएलएम या दोन्ही कायद्यातल्या पदव्युत्तर पदव्या: ऑक्सफर्डच्या बीसीएलला तीन रेफरन्स, केंब्रिजच्या एलएलएमला दोन. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एलएलएमला दोन पत्रं पुरतात, आणि पुष्कळ लॉ स्कूल ती एलसॅक या अर्जांची कागदपत्रं गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत घेतात. जेडी, म्हणजे तिकडची वकिलीची मूळ पदवी, करायचं असेल तर तिथं कायद्याची पदवी आधी लागतच नाही. बीकॉमच्या किंवा इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांचं पत्रही तितकंच चालतं. प्रत्येक विद्यापीठाचा आकडा त्यांच्या साइटवरून वहीत उतरवून घ्या. मैत्रिणीनं सांगितला तो मागच्या वर्षीचा असतो.

आता माणसं कोण निवडायची, ते. २००४ साली मी पहिल्यांदा अर्ज केले तेव्हा कोर्टं अजून न्याय मंदिरच्या जुन्या इमारतीत होती. बाबांच्या ओळखीनं मला एका फार मोठ्या वकिलांचं पत्र मिळालं. केवढा आनंद! त्यांच्या चेंबरमध्ये मी एकूण पंधरा मिनिटं बसले होते, त्यातली दहा चहाची. पत्र पाकिटात बंद करून, फ्लॅपवर सही करून पाठवायचं असायचं तेव्हा; पण त्यांच्या कारकुनानं प्रेमानं मला एक झेरॉक्स दिली. चार ओळी होत्या. कुटुंब चांगलं आहे, उमेदवार कष्टाळू आहे, भवितव्य उज्ज्वल आहे. आणि चौथ्या ओळीत मी चक्क ‘तो’ झाले होते. त्या वर्षी तीनही ठिकाणांहून नकार आला. नकाराचं कारण कोणी कळवत नाही, त्यामुळे दोष पत्राच्या माथी मारत नाही. पण ती झेरॉक्स मी अजून ठेवलीय, आणि पत्र लिहायला बसले की ड्रॉवरमधून काढून समोर ठेवते.

दुसऱ्या वर्षी मी कॉन्ट्रॅक्ट शिकवणाऱ्या सरांकडे गेले. नाव मोठं नाही, परदेशी कधी गेलेले नाहीत. पण माझ्या एका उत्तराच्या समासात त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘चुकीचं, पण विचार करून चुकलेली दिसतेस.’ त्यांना ते आठवत होतं.

माझी कसोटी एवढीच आहे. तुमचं नाव घेतल्यावर, तुम्ही काही आठवण करून न देता, त्या माणसाला तुमच्या कामाची एक तरी गोष्ट सांगता येते का? येत असेल तर तो तुमचा रेफरी. येत नसेल तर तो निवृत्त न्यायमूर्ती असला तरी उपयोग नाही. बडोद्यात बसून हे सांगायला मला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. सयाजीबागेत डॉ. आंबेडकरांची आठवण जपणारी संकल्पभूमी आहेच. आंबेडकरांना बडोदा सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ साली ते कोलंबियाला गेले, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याआधी, कॉलेजसाठी महिना २५ रुपये मिळावेत म्हणून सयाजीरावांकडे शब्द टाकला तो केळुसकर गुरुजींनी, एका शाळामास्तरांनी. त्यांनी या मुलाला चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसलेलं पाहिलं होतं. पुढे कोलंबियाहून लंडनला जाताना पत्र दिलं ते सेलिग्मन यांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्याच प्राध्यापकांनी.

वर्गात सव्वाशे मुलं असतात, सरांना कोण आठवणार, ही तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय शेवटच्या वर्षात होत नाही, दुसऱ्या वर्षापासून करावा लागतो. सेमिनार पेपर लिहिलात तर तो नुसता जमा करू नका, पंधरा दिवसांनी जाऊन ‘सर, कुठे कच्चा राहिला?’ असं विचारा. मूट कोर्टाचं, म्हणजे सराव खटल्याचं, मेमोरियल (लेखी युक्तिवाद) तयार करताना ज्यांनी रात्री अकराला तुमचे फोन घेतले, त्या मॅडमना धरा. ज्या वकिलांकडे तुम्ही खरोखर ड्राफ्टिंग केलंत, त्यांना विचारा. ज्यांच्या ऑफिसात नुसत्या तारखा घेतल्यात त्यांना नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या शिबिरांना मुलं सर्टिफिकेटपुरती जातात आणि नाश्ता झाला की पळतात. तिथं थांबा. का ते पुढे सांगते.

विचारायला शक्यतो समोर जा. व्हॉट्सअॅपवर ‘मॅम एलओआर प्लीज’ आणि खाली हात जोडलेले दोन इमोजी, याला मी उत्तर देत नाही. गेल्यावर प्रश्न असा घाला की समोरच्याला नाही म्हणता येईल: “सर, तुम्हाला माझं काम चांगलं पत्र लिहिण्याइतकं आठवतं का? नसेल आठवत तर मोकळेपणानं सांगा, मी दुसऱ्या कुणाला विचारीन.” मग गप्प बसा आणि ऐका. “कधी पाहिजे?” असा उलटा प्रश्न आला तर काम झालं. “बघू” म्हणजे नाही. आणि आपल्याकडचं लाडकं “थई जशे” (होऊन जाईल) म्हणजे तर हमखास नाही. त्या दिवशीच दुसरं दार ठोठवा.

किती आधी विचारायचं? निदान दोन महिने. हे मी कॅलेंडर समोर ठेवून सांगते. परदेशातल्या पुष्कळ तारखा नोव्हेंबर अखेरीपासून जानेवारीपर्यंत पसरलेल्या असतात. त्याच्या आधी आपली नवरात्र येते. त्या नऊ रात्री बडोद्यात पहाटेपर्यंत गरबा चालतो आणि सकाळी कोणाचंच डोकं चालत नाही. मग दिवाळीची सुट्टी. मग लग्नं. आणि जानेवारीच्या मध्यावरची तारीख असेल तर उत्तरायण: १४ ला आणि १५ ला अख्खं गाव गच्चीवर असतं, तुमचे सरसुद्धा, हातात फिरकी घेऊन. म्हणून म्हणते, ऑगस्टमध्ये विचारा, सप्टेंबरमध्ये कागद हातात द्या.

कागद म्हणजे काय, ते नीट वाचा. नुसता सीव्ही देऊन पत्र मागणं म्हणजे रिकामं भांडं पुढे करून भाजी करा म्हणणं. मला हवं असतं ते एक पान. त्यावर: मी तुला कोणता पेपर कोणत्या वर्षी शिकवला, किती मार्क पडले, तू कशावर लिहिलंस, आणि मी जे स्वतः पाहिलंय असे दोन-तीन प्रसंग. सोबत तुझ्या स्टेटमेंटचा, म्हणजे अर्जात तू स्वतःबद्दल लिहितेस त्या निबंधाचा, कच्चा मसुदा, म्हणजे तू एक म्हणतेस आणि मी दुसरंच, असं होणार नाही. आणि विद्यापीठांची यादी: तारीख, पत्र कसं जाणार, पत्रात त्यांनी काही खास विचारलंय का. यादी तारखेच्या क्रमानं लावा, विद्यापीठाच्या मानाच्या क्रमानं नको.

प्रसंग म्हणजे कसा? दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं मला तिच्या पानावर लिहून दिलं, ‘पादरा तालुक्यातल्या शिबिरात सक्रिय सहभाग.’ मी म्हटलं, हे खोड. तिथं काय झालं ते लिही. ती म्हणाली, काही विशेष नाही. पण मी त्या शिबिरात होते. एक बाई वारसाईचे कागद घेऊन आल्या होत्या. वडील गेले, जमिनीची नोंद झाली, नोंदीत दोन भाऊ. आम्ही दोन वकील नोंदीची तारीख, अपिलाची मुदत यांवर बोलत होतो. ही मुलगी मागे बसून कागद चाळत होती, आणि हळूच म्हणाली, “मॅडम, पेढीनाम्यात तीन नावं आहेत.” तलाठ्यासमोर केलेल्या पेढीनाम्यात, म्हणजे वारसांच्या वंशावळीत, बहिणीचं नाव होतं, नोंदीपर्यंत येता येता ते गळलं होतं. मुलगी ही पहिल्या वर्गातली वारस, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातच आहे, तिथं कोणाचा वाद नव्हता. पण कागदाला कागद लावून पाहिला तो तिनं एकटीनं. त्या बाई तिच्या हाताला धरून कितीतरी वेळ बसून राहिल्या.

मी पत्रात हेच लिहिलं, दहा-बारा ओळींत. पेढीनामा म्हणजे काय ते एका वाक्यात समजावलं, कारण वाचणारा परदेशातला. ‘हुशार’, ‘कष्टाळू’, ‘अभ्यासू’ यातला एकही शब्द घातला नाही. तिला तो प्रसंग ‘विशेष’ वाटलाच नव्हता, हे लक्षात घ्या. स्वतःचं चांगलं काम स्वतःला दिसत नाही, म्हणून तर दुसऱ्याचं पत्र मागवतात.

यावरून त्या मोठ्या दुखण्याकडे येऊ. तुम्ही सरांकडे जाता आणि सर म्हणतात, “तूच लिहून आण, मी सही करतो.”

आपल्याकडे दहातले सहा तरी असं म्हणतात. प्रत्येक वेळी तो आळस नसतो. कोणाला इंग्रजीत लांब लिहायची धास्ती असते. कोणाला पत्र कसं असतं तेच माहीत नसतं. त्यांनी आयुष्यभर ‘टू हूम सो एव्हर इट मे कन्सर्न’वाले चारित्र्याचे दाखले दिलेले. कोणावर खरोखरच तीस पत्रांचा ढीग असतो. आणि काहींना तुमच्यावर उपकारच करतोय असं वाटत असतं: घे, तुला हवं ते लिही.

तरीही लिहून नेऊ नका. परदेशी विद्यापीठांच्या दृष्टीनं ते पत्र रेफरीचं असायला हवं. अर्जदारानं लिहिलेलं निघालं तर तो अप्रामाणिकपणा ठरतो, आणि एलसॅककडे अशा गैरप्रकारांच्या चौकशीची वेगळी पद्धतच आहे. कायद्याच्या शिक्षणाची सुरुवात अशी कशाला करायची? दुसरं कारण साधं आहे. असं पत्र वाईट असतं. एकदा एका मुलानं ‘मॅडम, फक्त रेफरन्ससाठी’ म्हणून माझ्या नावाचा मसुदा पाठवला. चुकून त्याच मेलला दुसऱ्या सरांच्या नावाचाही जोडला गेला होता. दोन्ही पत्रांत तो ‘जन्मजात नेता’ होता. दोन्हींत एकच स्पेलिंग चुकलेलं. मी आणि ते सर वाक्यं तोडायला लागलो होतो तीही एकाच जागी.

मग करायचं काय? नाही म्हणू नका, भांडू नका. म्हणा, “सर, मसुदा माझ्याकडून नको, तिथं चालत नाही. पण मी टिपण करून आणते, आणि तुमची वीस मिनिटं घेते.” मग खरोखर जा. सरांना प्रश्न विचारा. माझा पेपर तुम्हाला कसा वाटला? बाकीच्यांच्या तुलनेत मी कुठे होते? माझ्यात काय कमी होतं? सर बोलायला लागले की छान बोलतात, गुजरातीत म्हणा, मराठीत म्हणा. त्यांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा आणि ते रेकॉर्डिंग त्यांनाच पाठवा. “सर, हे तुम्हीच म्हणालात, एवढंच इंग्रजीत आलं तरी पुष्कळ आहे.” पुढचं टायपिंग त्यांचा मुलगा करेल, विभागातला क्लार्क करेल, पण शब्द त्यांचे राहतील आणि अपलोड त्यांच्याच हातानं होईल. माझ्या ओळखीत हा उपाय तिघींनी केला. एका सरांनी तर नंतर तीन पानं लिहिली, आवरता आवरेनात.

आणि इतकं करूनही ते सहीच्याच गोष्टी करत असतील, तर माणूस बदला.

सरांच्या नावानं नवं जीमेल उघडून स्वतःच लिंक भरणारे महाभागही मी पाहिलेत. ती बनावटगिरी आहे, त्याला दुसरा शब्द नाही.

ईमेलवरूनच आणखी एक अडचण. परदेशी विद्यापीठांना रेफरीचा संस्थेचा ईमेल हवा असतो, आणि आपले निम्मे प्राध्यापक याहूवर, वकील तर सगळेच जीमेलवर. प्राध्यापकांना विद्यापीठाचा पत्ता मिळालेला असतो, फक्त पासवर्ड विसरलेला असतो. तो सप्टेंबरमध्येच काढायला सांगा, म्हणजे कॉम्प्युटर सेंटरच्या माणसाच्या मागे लागायला वेळ मिळेल. वकिलांकडे तसा पत्ता नसेलच तर पत्र चेंबरच्या लेटरहेडवर, सनद क्रमांक, पत्ता, फोन आणि हातची सही यांसकट जाऊ द्या.

एलसॅकमध्ये मुलं एका ठरावीक जागी अडखळतात. तुम्ही रेफरीचं नाव घालता, त्यांना मेल जातो, ते पत्र चढवतात, तुम्हाला ‘मिळालं’ असं दिसतं आणि तुम्ही पेढे वाटता. पण ते पत्र कोणत्या लॉ स्कूलला जोडायचं ते तुम्हालाच सांगावं लागतं, प्रत्येकासाठी वेगळं. न जोडलेलं पत्र तसंच पडून राहतं. तेच पत्र पाच ठिकाणी जाणार असेल तर सरांना आधी सांगा की एकाच विद्यापीठाचं नाव घालू नका. नाहीतर न्यूयॉर्कच्या लोकांना वाचायला मिळतं की हिला शिकागोलाच यायचंय.

अमेरिकेच्या अर्जांत आणखी एक प्रश्न येतो: पत्र पाहण्याचा हक्क सोडता का? १९७४ च्या तिकडच्या कायद्यानं विद्यार्थ्याला आपली फाइल पाहायचा हक्क दिलेला आहे, म्हणून ते विचारतात. सोडा. तुम्ही वाचणार नाही हे माहीत असलं की लिहिणारा मोकळेपणानं लिहितो, आणि वाचणाराही त्या पत्रावर जास्त विश्वास ठेवतो. मी पत्र दाखवत नाही, पण जे लिहिणार नाही ते आधीच सांगते. ‘तुझी हजेरी कमी होती, कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.’ एका मुलानं त्यावर दुसऱ्या मॅडमना विचारलं. बरोबरच केलं त्यानं.

काही ऑनलाइन फॉर्ममध्ये चौकटीही असतात: वर्गातल्या वरच्या किती टक्क्यांत बसतो, लेखन कसं, वगैरे. आपले प्राध्यापक मार्क देताना हात आखडतात आणि इथं मात्र एक तर सगळीकडे सर्वोच्च टिचकी मारतात, नाहीतर सवयीनं ‘सरासरीपेक्षा बरा’. तिकडच्या फॉर्ममध्ये ‘सरासरीपेक्षा बरा’ हे कौतुक नसतं, हे त्यांच्या हळूच कानावर घाला.

आठवण करून देण्यात लाज बाळगू नका. तारखेआधी पंधरा दिवस एक मेल, चार दिवस आधी एक फोन. फोन दुपारी दोन ते चार करू नका, बडोदं झोपलेलं असतं. ‘सर, झालं का?’ असं विचारण्यापेक्षा, ‘सर, लिंकचा मेल स्पॅममध्ये गेला असेल का, मी परत पाठवू?’ असं विचारा. सगळ्यांची अब्रू राहते. आणि एक जास्तीचा रेफरी हाताशी ठेवा. माणसं आजारी पडतात, अमेरिकेत मुलीकडे जातात, बदली होते.

पत्राआधी मिठाई आणू नका, मला ते नको वाटतं. नंतर आणा, आणि निकाल काहीही लागो, कळवा. पादऱ्याच्या शिबिरातल्या त्या मुलीनं तीन ठिकाणी अर्ज केले होते. दोन नकार तिनं त्याच दिवशी कळवले, एकेका ओळीत. तिसरा मेल आला तेव्हा मी कोर्टात होते, उलटतपासणी चालू होती. जेवणाच्या सुट्टीत फोन बघितला आणि तिथूनच कॉन्ट्रॅक्टच्या सरांना लावला. ते आता ऐंशीचे आहेत. म्हणाले, “कोण, ती चुकणारी?” मी म्हटलं, नाही सर, चुकणारी मी. ही दुसरी.